विषय: पायऱ्यांखालच्या कोठीत ओल, आतून प्लास्टर करू का?

सर्वांना नमस्कार,

आमचं पंचवटीतलं घर जुनं, काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं. दाराशी पायऱ्या आणि त्यांच्या पोटात छोटी कोठी. आई तिथे लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या ठेवते. यंदाच्या पावसात गाद्यांना बुरशी लागली. भिंतीला कमरेपर्यंत पांढरा लोणा आलाय, कोपऱ्यातून तर पाणी झिरपतं. ठेकेदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफ सिमेंटचं प्लास्टर मारतो, दोन दिवसांत काम उरकतो. आईला दिवाळीआधी हवंय. इथून फोनवर मी त्याला काय सांगू?

---

अगं, आधी त्याला थांबव.

आतून सिमेंट मारून पाणी थांबत नाही, नुसतं दिसेनासं होतं. दगड-चुन्याची भिंत ओल घेते तशी हवेत सोडतेही. तिचं तोंड बंद केलं की ओल वर सरकते. आज कमरेला असलेला लोणा उद्या छातीला येतो आणि प्लास्टर पोपडे धरून गळून पडतं. आमच्या पेठेतल्या घरांत हे इतक्यांदा पाहिलंय की आता रागसुद्धा येत नाही.

पाणी येतं कुठून ते शोधा. महापालिकेचं पाणी सुटलेलं असताना घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करून मीटर बघायचा. फिरत असेल तर जमिनीखालची पाइप फुटलीय, पायऱ्यांना हात लावायचं कारणच नाही. मीटर थांबलेला असेल तर एखाद्या कोरड्या दिवशी एकाने कोठीत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेर पाणी ओतायचं. सुरुवात सगळ्यात खालच्या पायरीपासून. एक पायरी झाली की थोडं थांबून मगच वरची. वरून ओतलंत तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. गच्चीची पन्हळ पायऱ्यांजवळ सुटते का, गल्लीच्या काँक्रीटीकरणात रस्ता वर येऊन उतार घराकडे झालाय का, तेही बघून घ्या. (सिंहस्थाच्या कामांत रस्ता पुन्हा उकरणार असतील तर पाणी वळवायला बाहेर गटार करायचं काम तोवर राहू दे.)

आणि एक सांग, पायऱ्यांवर नंतर कोणी ग्रॅनाइट बसवलाय का?

---

काका, आतेभावाने रविवारी केलं सगळं. मीटर जागचा हलला नाही. पायऱ्यांवर ओतलं तेव्हा कोठी कोरडीच, पण ओट्यावर बादली ओतली आणि थोड्याच वेळात उंबऱ्याखालच्या सांध्यातून कोठीत धार. ग्रॅनाइट आहे, पण फक्त ओट्यावर. बाबांनी माझ्या लग्नात हौसेनं बसवला होता. आई म्हणते, त्याला हात लावायचा नाही.

---

आईंचं बरोबर आहे, सगळा काढायची गरजही नाही. भिंतीलगतची चार बोटांची पट्टी तेवढी कापायची. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, म्हणून तिथे नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चीर. सांधा दोन-तीन सेंमी खोल खरवडून, पूर्ण वाळवून पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखं लवचिक भरण) भरायचं आणि वरून पट्टी बसवायची. ओट्याला बाहेरच्या बाजूला मीटरला निदान एक सेंमी उतार आहे का, लेव्हल लावून बघायला सांग. नसेल तर मात्र ग्रॅनाइट उचलावाच लागेल, आईंची समजूत तू काढ. फरशी नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथे खाली पाणी साठत असणार.

पायऱ्यांच्या दगडांतल्या दरजा चुना-वाळूने भरा, एकास तीन, आणि आठवडाभर ओली गोणपाटं टाकून ठेवा. गवंडी म्हणेल चुना आता मिळत नाही, सिमेंट टाकू. ऐकू नका.

आतल्या लोण्यावर पाणी मारायचं नाही. कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाकायचा. दाराला जाळी लावा. एवढी जाड दगडी भिंत दिवाळीपर्यंत वाळत नाही, उन्हाळा बघावा लागेल. तोवर रंग नको, नंतर चुन्याचा हात द्या. गाद्या टाकून द्या, बरण्या स्वयंपाकघरात हलवा.