मदत हवी आहे : मुलगी इस्पितळातून घरी आली आहे, आता आम्ही कसे वागावे?

नमस्कार.

माझी सोळा वर्षांची मुलगी अकरावीत शिकते. बारा दिवसांपूर्वी तिने स्वतःला इजा करून घेतली. कशी, ते इथे लिहीत नाही; ते वाचून कोणाचेच भले व्हायचे नाही. रात्रीच कॅज्युअल्टीत नेले, तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि शरीराने आता ठीक आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जीव तोडून काम केले. मात्र डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एवढीच एक ओळ होती : 'मानसोपचार ओपीडीत दाखवणे.' कधी, कोणाकडे आणि तोपर्यंत घरात काय करायचे, हे विचारण्याचे भान त्या वेळी आम्हाला नव्हते. नंतर फोन केला तेव्हा तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

घरी आल्या दिवशी मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. तिची आई रात्री तिच्या खोलीत झोपते. झोपते म्हणायचे, खरे तर जागीच असते. हल्ली आंघोळीला गेली की मुलगी मोठ्याने गुणगुणत असते. आधी मला वाटले, जरा बरे वाटू लागले असेल. परवा लक्षात आले की आम्ही दाराशी कान देऊन उभे असतो हे तिला ठाऊक आहे, आणि आमच्या जिवाला घोर नको म्हणून ती गाते. पोरीनेच आईबापांना सांभाळावे, हे मला सहन होत नाही.

अशी नजर किती दिवस ठेवायची? त्या रात्रीबद्दल तिच्याशी बोलावे का? आजीचे म्हणणे, विषयच काढू नका, पुन्हा डोक्यात येईल. कॉलेजात कोणाला किती सांगावे? शिवाय इस्पितळाने एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केल्यामुळे पोलीस जबाब घेऊन गेले आहेत. तिच्यावर गुन्हा दाखल होईल का?

मोबाईल आणि संस्कार यांवरचे उपदेश नातेवाइकांकडून भरपूर मिळाले आहेत, ते कृपया इथे नकोत.

प्रतिसाद :

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. तीन आठवडे थांबू नका. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सर्वांत जोखमीचे असतात, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड घेऊन उद्याच ओपीडीत जा आणि हे कशासाठी आहे ते खिडकीवर नव्हे, थेट डॉक्टरांना सांगा. मधल्या काळात १४४१६ या टेली मानसच्या (शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. तुम्हीही बोला, फक्त तिच्यासाठी नव्हे. पुन्हा तातडीचा प्रसंग आलाच, तर १०८ ला फोन करा आणि तिला एकटे सोडू नका.

आजींची भीती मला समजते, पण विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. 'पुन्हा तसे मनात येते का?' असे शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. उत्तर 'हो' आले तर रडारड, शपथा किंवा 'आमचा विचार नाही केलास?' हे टाळा. ऐकून घ्या, सांगितलेस हे बरे केलेस म्हणा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

तिच्यासोबत बसून एक कागद तयार करा : मन बिघडू लागले की सुरुवातीला काय जाणवते, तेव्हा स्वतःला सावरायला तिला काय उपयोगी पडते, घरात आणि घराबाहेर कोणाला हाक मारायची आणि शेवटी १४४१६. अक्षर तिचे असू द्या. घरातली सगळ्यांची औषधे आणि घातक ठरतील अशा इतर वस्तू कुलपात ठेवा, यावर मात्र तडजोड नको. कडीचे तसे नाही. ती किती दिवस नसावी, हे डॉक्टरांना विचारून तिच्याशी बोलून ठरवा; मुदत ठाऊक असली की मुलांना पाळत कमी बोचते.

कॉलेजात तिचा विश्वास असलेल्या एकाच शिक्षकांना, तिला विचारून, गरजेपुरते सांगा. पोलिसांचे म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा न करता उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. जुन्या भारतीय दंड संहितेतले, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे कलम ३०९ देखील १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेले नाही. जबाब हा एमएलसीच्या कामाचा भाग असतो.

धागाकर्ता :

मनापासून आभार. ओपीडीत आज गेलो, गुरुवारची वेळ मिळाली. संध्याकाळी कागद घेऊन बसलो, अर्धाच झाला. कडीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, 'लावा परत, पण पंधरा दिवस मी दार नुसतेच लोटून घेईन.' उद्या डॉक्टरांना फोन करून विचारतो आणि मग सुताराला बोलावतो.