सर्व्हायव्हलमध्ये 'टीपी' चालेल, 'लोकेट' बंद करा

उगवतीकडे

मित्रमंडळींचा माइनक्राफ्टचा नवा सर्व्हायव्हल (जीव आणि सामान सांभाळत खेळायचा) वर्ल्ड सुरू होतोय. सर्व्हर जावा एडिशनचा (गेमची दुसरी आवृत्ती बेडरॉक). कमांड (टाइप करून गेमला द्यायचे हुकूम, यांनाच चीटही म्हणतात) चालू ठेवायच्या की बंद, यावर दोन तट पडलेत. एक गट म्हणतो चीट ती चीट, सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो वेळ आपला, गेम आपला, वाटेल ते वापरू. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघेही सगळ्या कमांड एकाच मापाने मोजतात.

माझं मत सरळ आहे. फिरण्यासाठीच्या कमांडमध्ये खरं नुकसान 'लोकेट' करते. 'टीपी' नाही.

टीपी तुम्हाला उचलून दुसरीकडे ठेवते, बस्स. ज्या गावापर्यंत तुम्ही पायी गेलात, वाटेत झाडावर रात्र काढलीत, तिथे पुन्हा जाताना टीपी केलं तर बिघडलं काय? ती वाट तुम्ही चाललेली आहे. लोकेटचं तसं नाही. तिथली जमीन तयार व्हायच्या आधीच ही कमांड सीडवरून (ज्या आकड्यातून सगळं जग तयार होतं त्यावरून) हिशोब करून सांगते की अमुक वास्तू या एक्स आणि या झेडवर आहे. तुम्ही एक पाऊलही टाकलेलं नसतं आणि उत्तर हातात पडतं. मग चालत जा नाहीतर उडत जा, तुम्ही शोधायला निघालेले नसता, नुसते पोचायला निघालेले असता.

स्ट्राँगहोल्ड, म्हणजे जमिनीखालचा किल्ला, घ्या. त्याची दिशा दाखवणारी आय ऑफ एंडर हवेत फेकली की थोडं अंतर उडते, क्षणभर तरंगते आणि खाली पडते. पाचात एकदा सरासरीने फुटते, आणि फुटली की ती बनवायला लागलेला पर्लही गेला आणि ब्लेझ पावडरही. म्हणून जुने खेळाडू ती जपून वापरतात. एका जागेवरून फेकायची, ती गेली तिकडे तोंड करायचं, एफ-३ कळ दाबल्यावर येणाऱ्या माहितीच्या स्क्रीनवर किती अंश दिसतात ते टिपायचं. मग बाजूला दोन-तीनशे ब्लॉक (जग ज्यांचं बनलंय ते ठोकळे) सरकून पुन्हा फेकायची. दोन रेषा छेदतात तिथे खणायचं. सर्वांत आतल्या कड्यातले तीन स्ट्राँगहोल्ड केंद्रापासून १,२८० ते २,८१६ ब्लॉकच्या पट्ट्यात असतात, हे ठाऊक असलं की अंदाज आणखी पक्का होतो. भूमिती आहे, काटकसर आहे, थोडा जुगारही आहे. लोकेट हे सगळं एका ओळीत पुसून टाकते.

दिशा सांगायला तर हे जग सतत तयार असतं. सूर्य पूर्वेला उगवतो, ढग पश्चिमेकडे सरकतात, सूर्यफुलं कायम पूर्वेकडे तोंड करून उभी असतात. हे बघायची सवय लागली की माणूस सहसा हरवत नाही.

विरोधी मत असेल तर सविस्तर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

चंकलोडर

साफ असहमत. सविस्तरच लिहितो.

तुम्ही ज्याला शोध म्हणताय, तो शोध लागायला आधी कुणीतरी ती जागा विचार करून ठेवलेली असायला हवी. इथे तसं नाही. वुडलँड मॅन्शन (जंगलातला मोठा वाडा) कुठे येणार हे सीडवरून यंत्र ठरवतं. वाटेत खुणा नाहीत, कुणी गावकरी बोट दाखवत नाही, जवळ आलात तरी गेम काही सुचवत नाही. ते १०,००० ब्लॉकवर असेल तर पळत पळत सेकंदाला साधारण ५.६ ब्लॉक या वेगाने अर्धा तास जातो, तोसुद्धा दिशा बरोबर असेल तर आणि मध्ये समुद्र, डोंगर लागले नाहीत तर. दिशा चुकली तर संपूर्ण संध्याकाळ एक बटण दाबून धरण्यात जाते. यात कौशल्य कुठलं?

नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला तो तास मॅन्शनच्या आत घालवू द्या की. त्याला आत लढायचंय, मरणापासून वाचवणारा टोटेम मिळवायचाय, नंतर तिथे स्वतःचं घर करायचंय. त्याचा गेम तिथे सुरू होतो.

शिवाय लोकेट बंद करून साधणार काय? ज्याला सीड माहीत आहे तो वेबसाइटवर सीड टाकून पूर्ण नकाशा बघतो. त्याला कमांड लागतच नाही. बंदी फक्त प्रामाणिक माणसावर बसते.

उगवतीकडे

१०,००० ब्लॉक पळत जाता कशाला? नेदरमधला, म्हणजे पोर्टलमधून जाता येणाऱ्या पाताळातला, एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ. तेच अंतर खाली १,२५० ब्लॉकचं होतं, पळत चार मिनिटांच्या आत. गेमने लांबच्या प्रवासाची सोय दिलेली आहे, फक्त त्यासाठी लाव्हा आणि आगीचे गोळे फेकणारे घास्ट झेलावे लागतात.

आणि मॅन्शनबद्दल खुणा नाहीत हे खरं नाही. कार्टोग्राफर (नकाशे बनवणारा) गावकरी त्याचा नकाशा विकतो. २०१६ च्या १.११ आवृत्तीत मॅन्शन आलं ते या नकाशासकटच.

सीडचा मुद्दा मात्र मान्य. सीड ऑपशिवाय (सर्व्हर सांभाळणाऱ्याशिवाय) कुणाला दिसू नये, तेवढी काळजी आम्ही घेणार आहोत.

बेडरॉक_खालची

मध्येच एक कामाची गोष्ट. हा धागा वाचून बेडरॉक एडिशनवर कुणी 'बघू तरी' म्हणून चीट चालू करू नका. एकदा चालू केल्या की त्या वर्ल्डमधल्या अचीव्हमेंट कायमच्या बंद होतात, नंतर चीट बंद केल्या तरी परत येत नाहीत. नुसते कोऑर्डिनेट (तुम्ही कुठे आहात ते सांगणारे आकडे) हवे असतील तर सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे, त्याने अचीव्हमेंटला धक्का लागत नाही. जावामध्ये ही भानगड नाही, तिथे कमांड वापरूनही अ‍ॅडव्हान्समेंट (जावातल्या अचीव्हमेंट) मिळत राहतात.

रुळांवरून

धागाकर्त्याने उलटं पकडलंय असं मला वाटतं. एकट्याच्या वर्ल्डपुरतं तुमचं म्हणणं समजू शकते, पण तुम्ही मंडळींच्या सर्व्हरबद्दल विचारताय. सर्व्हर मारते ती टीपी.

मी दोन प्रकारच्या सर्व्हरवर खेळले आहे. एकावर होम (आपल्या घरी उडी), स्पॉन (सुरुवातीच्या जागी उडी), एकमेकांकडे उडी मारायची विनंती, सगळं होतं. तिथे प्रत्येकाचा तळ सुंदर होता आणि दोन तळांच्या मध्ये काहीही नव्हतं. पूल नाही, मशाल नाही, पाटी नाही. कुणाचा शेजारी कोण हेच कळायचं नाही, कारण शेजारून कुणी कधी जातच नव्हतं.

दुसऱ्यावर उडी मारायची सोय नव्हती. कुणीतरी नेदरमध्ये दोन ब्लॉक रुंदीचा बोगदा खणला. दुसऱ्याने त्याला कॉबलस्टोनचं छप्पर घातलं, कारण घास्टचे गोळे नेदररॅक (तिथला ठिसूळ दगड) उडवतात आणि कॉबलस्टोनला काही होत नाही. मग फाट्यावर पाट्या आल्या, डावीकडे कोण राहतं, उजवीकडे कोण. शेवटी एकीने खाली निळा बर्फ अंथरला. निळ्या बर्फावर होडी सेकंदाला ७२ ब्लॉकच्या आसपास जाते, आणि नेदरचा आठपट हिशोब धरला तर ती वरच्या जगातल्या जवळजवळ ५८० ब्लॉकइतकी मजल झाली. हे सगळं उभं राहिलं कारण अंतर खरं होतं आणि ते सगळ्यांना सारखंच नडत होतं.

२०१० पासून चालू असलेला टूबीटूटी नावाचा बिनकायद्याचा सर्व्हर बघा. तिथे साध्या खेळाडूला टीपी मिळत नाही. लोकांनी नेदरमध्ये वर्षानुवर्षं खणून केंद्रापासून चारी दिशांना महामार्ग नेले आहेत. तिथे तुमच्या तळाचे कोऑर्डिनेट हेच गुपित, आणि ते फुटले की तळ गेला समजा. टीपी असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

तेव्हा लोकेट एकवेळ ठेवा. एखाद्याने मॅन्शन कमांडने शोधलं तरी तिथपर्यंत रस्ता करावाच लागेल आणि तो रस्ता सगळ्यांना मिळेल.

उगवतीकडे

निळ्या बर्फाचा मुद्दा वजनदार आहे, पण तुमचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. ज्या दोन ठिकाणांमध्ये रस्ता झालाय त्यांच्यात टीपी खुली केली तर? रस्ता आधी, उडी नंतर.

रुळांवरून

मग त्या रस्त्यावरून जाणार कोण? पाट्या वाचायला कुणी नसेल तर पाट्या लावणार कोण?

आकड्यांची_वाट

मी वेगळ्या जागेवरून बोलते. मला दिशा लक्षात राहत नाहीत. गेममध्ये नाही, बाहेरही नाही. गुहेत तीन वळणं घेतली की मी आले कुठून हे मला सांगता येत नाही, आणि मशाली कायम उजव्या हाताला लावायच्या वगैरे युक्त्या फाटे वाढले की निरुपयोगी होतात. मरताना सगळं सामान पडतं, आसपासचा भाग लोड झालेला असेल तर पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि त्या पाच मिनिटांत मला ती जागा सापडत नाही. हा गेम मी दोनदा सोडून दिला होता तो याच कारणाने.

कोऑर्डिनेट कसे वाचायचे हे कळल्यावर मी टिकले. तिसरा आकडा वाढला की दक्षिण, कमी झाला की उत्तर. पहिला वाढला की पूर्व. मी वहीत लिहून ठेवते. इतरांच्या डोक्यात नकाशा तयार होतो, माझ्या वहीत आकडे असतात, आणि अगदी अडकले तर टीपी. सूर्यफुलं पूर्वेकडे बघतात हे वाचून छान वाटलं, पण गुहेत सूर्यफूल नसतं.

उगवतीकडे

तुम्ही टीपीच काय, लोकेटही वापरा, माझी काहीही हरकत नाही. माझा नियम तुमच्यासाठी नाहीच.

आकड्यांची_वाट

हेच नकोय. 'तुम्हाला सूट' म्हटलं की सर्व्हरवर मी वेगळी पडते. माझं मागणं एवढंच, की एफ-३ मधले कोऑर्डिनेट सगळ्यांना दिसू द्या. ते लपवणारा गेमरूल (सर्व्हरवर लावायचा नियम) असतो आणि शुद्धतेच्या नावाखाली काही सर्व्हरवाले तो चालू करतात. तो करू नका. मेल्यावर जागा दाखवणारा रिकव्हरी कंपास २०२२ मध्ये १.१९ बरोबर आला, पण त्याला लागणारे इको शार्ड जमिनीखालच्या एन्शंट सिटीतल्या पेट्यांमध्ये मिळतात. ज्याला रस्ता सापडत नाही त्याने आधी वॉर्डन हा राक्षस असलेल्या शहरातून फिरून यायचं!

मार्क_रिकॉल

माझ्या मते वाद चुकीच्या टोकाला गेलाय. उडी मारणं वाईट नाही, फुकटात मारणं वाईट. २००२ चा मॉरोविंड हा गेम आठवा. नकाशावर बाण नव्हता, रस्ता लोक तोंडी सांगायचे आणि डायरीत ती नोंद राहायची. तरी उडीची सोय होती: मार्क हा मंत्र एका जागी टाकायचा आणि रिकॉलने तिथे परतायचं. खूण मात्र एकच. नवी केली की जुनी गेली. ती एक खूण कुठे खर्च करायची यावर माणूस किती विचार करायचा! त्याच्या पुढच्या भागात, २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये बाण आला, नकाशावर टिचकी मारून प्रवास आला, आणि तो विचार संपला.

तसंच करा. प्रत्येकाला एकच होम, आणि उडी मारली की काही एक्सपी (अनुभवाच्या) लेव्हल कापल्या जातील. एंडर पर्ल फेकून उडी मारताना गेम स्वतःच अडीच हृदयं घेतो, तेव्हा हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

चंकलोडर

एक्सपीची कल्पना आवडली, प्लगइन किंवा डेटापॅक लागेल एवढंच.

टीपी ठेवणारच असाल तर एक सांगतो, कारण नवे लोक यात हमखास मरतात. लोकेट वास्तूचा एक्स आणि झेड देते, उंची देत नाही. उंचीच्या जागी टिल्डचं चिन्ह (~) टाकून टीपी केलं की तुम्ही आत्ता ज्या उंचीवर आहात त्याच उंचीवर तिकडे जाता. खाणीतून केलंत तर तिकडे दगडात रुतून गुदमरता. उंच बुरुजावरून केलंत तर हवेत निघता आणि पडता. स्प्रेडप्लेअर्स ही कमांड पृष्ठभागावर उतरवते, ती वापरा.

आणि उगवतीकडे, तुमचा 'चालण्यातच गेम आहे' हा मुद्दा शेवटपर्यंत नेलेला एक माणूस आहे, तोच तुमच्या विरोधात वापरतो. कर्ट जे मॅक हा यूट्यूबर २०११ पासून बीटा १.७.३ या जुन्या आवृत्तीत 'फार लँड्स' या जगाच्या टोकाकडे चालतोय. केंद्रापासून १,२५,५०,८२० ब्लॉकच्या पुढे जमीन तयार करण्याचं गणित कोलमडतं आणि तिथे उभ्या भिंती दिसतात. त्या आवृत्तीत पळण्याची सोय नाही, त्यामुळे सलग चाललं तरी ८०० तास लागतात. पण त्याला आपण कुठे जातोय हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे! जागा ठाऊक असल्याने प्रवास मेला नाही.

उगवतीकडे

उदाहरण चांगलं आहे, पण त्याचा दुसरा भाग तुम्ही सोडलात. तो एफ-३ दाबत नाही. दानधर्मासाठी ठरवलेली रक्कम जमली की तेव्हाच दाबतो आणि किती आलो ते बघतो. जागा माहीत असूनही आकडा डोळ्यांआड ठेवला, म्हणून तो आकडा उघडण्याची लोक वाट बघतात.

असो. आमच्या मंडळींपुढे मी हे ठेवणार: कोऑर्डिनेट सगळ्यांना खुले. लोकेट फक्त ऑपकडे, आणि ऑपने ती वापरायची नाही. पहिला महिना टीपी बंद. तेवढ्यात नेदरचा मुख्य बोगदा उभा राहिला तर एक होम, एक्सपी मोजून.

रुळांवरून

महिना कमी आहे. पहिल्या महिन्यात लोक डायमंडच्या मागे असतात, बोगदा दुसऱ्या महिन्यात सुचतो.

चंकलोडर

मला लोकेटवरची बंदी अजूनही मान्य नाही. मॅन्शनचा नकाशा मिळवायला कार्टोग्राफर जर्नीमन पातळीपर्यंत न्यावा लागतो, वर १४ एमरल्ड आणि एक कंपास. एवढे एमरल्ड आणायचे कुठून?

बेडरॉक_खालची

ऊस लावा पहिल्याच दिवशी. कार्टोग्राफर २४ कागदांना एक एमरल्ड देतो, आणि विकता विकता त्याची पातळीही वर जाते.