बंब पोचेपर्यंत: नाशिककरांचा अनुभव धागा

धागाकर्ती (इंदिरानगर)
आग असो, गोदेचा पूर असो की पावसात बसलेला जुना वाडा, वर्दी जाते ती अग्निशमन दलाकडेच. जवान पोचल्यावर त्यांचं काम कशामुळे अडतं आणि तोवर आपण काय करायचं, हे जाणकारांनी लिहावं. नेमकं लिहा, म्हणजे उपयोगी पडेल.

भद्रकालीकर
101 लावा, 112 पण चालतो. आधी पत्ता आणि ठळक खूण. मग काय पेटलंय, कितवा मजला, आत कोणी अडकलंय का. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. एकाने चौकात उभं राहून बंबाला वाट दाखवायची, बाकीच्यांनी गल्लीतल्या दुचाकी हटवायच्या. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बोळांत मोठी गाडी शिरत नाही. तोंडाशी थांबून होज, म्हणजे पाण्याचा लांब पाइप, पसरावा लागतो. त्यावर चाक गेलं किंवा पीळ पडला, की नोझलला (होजच्या पुढच्या तोटीला) पाण्याचा जोर राहत नाही. बघ्यांनी होजपासून लांब राहा, कळकळीची विनंती.

फायर यंत्रणेची देखभाल करणारा
खरी रड सोसायट्यांची आहे. हायड्रंटच्या (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाच्या) लाल पेटीत होज असतो, नोझल चोरीला गेलेला असतो. पंपघराला कुलूप आणि चावी सचिवाकडे, तो गावाला. सर्वांत घातक म्हणजे पंपाच्या पॅनेलवरचा स्विच 'मॅन्युअल'वर असणं. जॉकी हा छोटा पंप पाइपातला दाब टिकवतो. दाब एकदम घसरला की मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा. स्विच 'ऑटो'वर नसेल तर तो सुरूच होत नाही. गच्चीवरचा शेवटचा व्हॉल्व्ह उघडून बघा: पाणी जोरात आलं पाहिजे, खाली पंपाचा आवाज आला पाहिजे. चाचणी झाल्यावर मुख्य पंप हाताने बंद करावा लागतो, हे वॉचमनलाही शिकवून ठेवा. डिझेल पंप असेल तर बॅटरी तपासा, ती हमखास उतरलेली असते.

महाराष्ट्राच्या 2006च्या कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' हा दाखला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. पंप न चालवता नुसता कागद घेणं म्हणजे रहिवाशांच्या जिवाशी खेळ आहे.

जिन्यातल्या आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन ओढा, दोनेक मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. पावडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, त्यामुळे वर हवेत उडवू नका.

गृहिणी, सिडको
14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात प्रात्यक्षिकं होतात, घरातल्या सगळ्यांनी बघावीत. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिवा लावू नका आणि लागलेला विझवूही नका, दोन्हीत ठिणगी पडते. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, खालचं दार उघडाच.

पंचवटीकर
गंगापूर धरणातून विसर्गाचा इशारा आला की नदीकाठच्या गौरी पटांगणावरच्या गाड्या लगेच काढा. पाणी चढल्यावर गाडीसाठी उतरलेल्या माणसालाच मग बाहेर काढावं लागतं. कोणी वाहत असेल तर मागे उडी टाकू नका. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून त्याच्या पुढच्या बाजूला फेका, आणि दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नका.