दहा वर्षं झाली म्हणून एसी फेकायचा?

पानापक्कड: काल एकाने ठणकावून लिहिलं, "१० वर्षं झाली की एसी बदला, दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात." राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा. आमचं मशीन १३ वर्षांचं, उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. परवा बाहेरच्या युनिटमधून नुसताच घूंऽऽ आवाज, पंखा जागचा हलेना. आलेल्या माणसाने झाकणही उघडलं नाही. "कॉम्प्रेसर गेला, नवीनच घ्या." दुसऱ्याला बोलावलं. झाकण काढलं तर कपॅसिटरचं (मोटर सुरू व्हायला विजेचा झटका देणारा छोटा डबा) डोकं फुगून वर आलेलं. तो बदलला, अर्ध्या तासात मशीन चालू. वय विचारून निदान करतात का कुठे?

थंडोबा: तो प्रतिसाद माझाच होता. तुमचं कपॅसिटरवर निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावेल? माझ्या मशीनचा आधी पीसीबी (सगळं चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, मग पंख्याची मोटर, मग कॉइल (गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) गळायला लागली. घरात आजारी माणूस आणि ऐन उकाड्यात मशीन बंद, असे तीन उन्हाळे काढलेत मी. त्यात गार करणारा गॅस जुना, आर-२२. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो माँट्रियल कराराखाली बंद होत चाललाय, आणि त्या मशीनमध्ये नंतरचा आर-४१०ए गॅस भरता येत नाही, त्याचा दाब फार जास्त.

गारवेल: गॅसचं निघालंच आहे तर बोलते. दरवर्षी "गॅस कमी झालाय" म्हणून भरून जातात, ही शुद्ध लूट आहे! गॅस काय पेट्रोल आहे जळून संपायला? बंद नळीतून तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे.

थंडोबा: थोडाफार उडतोच की. माझा तर दरवर्षी भरावा लागायचा.

गारवेल: दरवर्षी म्हणजे थोडाफार? तुमची कॉइल तेव्हापासूनच गळत होती आणि कुणी शोधलं नाही! आमच्याकडे नळीच्या नटाशी तेलाचा काळपट डाग होता. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे. फ्लेअर (नटात बसणारं नळीचं पसरट तोंड) नव्याने करून घट्ट बसवलं, त्यानंतर गॅसला हात लावावा लागलेला नाही. आणि आतल्या कॉइलवर बर्फ दिसला की लगेच गॅस भरू नका, आधी फिल्टर धुवा. हवा अडली तरी बर्फ धरतो.

थंडोबा: तीन वर्षं फुकट गॅस भरला म्हणायचं मग. एकानेही फेस लावून बघितला नाही, याचा संताप येतोय.

शेकोटी: तुमचं सगळं गारव्याचंच चाललंय. आमच्याकडे घर गरम करायला गॅस जाळून चालणारी भट्टी होती. तिच्या हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) तडा गेला. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. ना वास, ना रंग. तिथेही "आधी दुरुस्ती" म्हणणार का?

पानापक्कड: नाही. तडा गेलेली भट्टी एक दिवसही चालवू नका, तिथे मी हट्ट धरणार नाही.

थंडोबा: ठीक, १० वर्षांचा आकडा मागे घेतो. पण आर-२२ आणि वर कॉइल गळकी, तर बदलाच. यावरून हलणार नाही.

पानापक्कड: गळती कॉइलमध्येच आहे हे फेस लावून दाखवलं असेल, तर कबूल.