'एकच टार्गेट' की 'त्याच नावाचे टार्गेट'?

प्रश्न : नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत नव्याने रुजू झालेल्या मुलांसाठी मी बिल्डविषयी, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या कामाविषयी, मराठी टिपणे लिहिते आहे. अँट या बिल्डच्या साधनातल्या 'सबअँट' या टास्कचे (तयार कामाचे) वर्णन मी 'सर्व उपप्रकल्पांत एकाच वेळी एकच लक्ष्य राबवणे' असे केले आहे. ते योग्य वाटते का?

उत्तर : ताई, वाक्य शुद्ध आहे, पण त्यातले काही शब्द वाचणाऱ्याला चकवतील. १९७६ मधल्या 'मेक' या बिल्डच्या जुन्या साधनात टार्गेट हे बहुधा तयार व्हायच्या फाइलीचे नाव असल्याने तिथे 'लक्ष्य' हे भाषांतर ओढूनताणून बसेलही. अँटमध्ये मात्र टार्गेट म्हणजे नाव दिलेला कामांचा गट, आणि 'क्लीन'सारख्या टार्गेटने तर काही तयार न होता उलट असलेले पुसले जाते. ऑफिसात आपण 'टार्गेट चालव' म्हणतो, तेच लिहावे.

खरी गोम 'एकच' या शब्दात आहे. समजा, 'देयके', 'साठा' आणि 'अहवाल' असे तीन फोल्डर आहेत व प्रत्येकात स्वतःची बिल्ड फाइल आहे. सबअँटला 'कंपाइल' सांगितले, की ते प्रत्येक फोल्डरातली फाइल उघडून तिच्यातले 'कंपाइल' चालवते. म्हणजे नाव एक असले तरी आतली कामे तीन ठिकाणी तीन तऱ्हांची असू शकतात. 'जेनेरिकअँटफाइल' हा गुणधर्म दिला, तर मात्र एकच फाइल दर वेळी निराळा फोल्डर मूळ मानून चालते, आणि तेव्हाच 'एकच टार्गेट' म्हणणे शोभते. 'एकाच वेळी' तर काढूनच टाकावे, कारण हे काम एकामागून एक होते. 'एकाच आज्ञेने' म्हणावे. क्रम महत्त्वाचा असेल, तर फोल्डर फाइललिस्टमध्ये (नावांच्या क्रमवार यादीत) हव्या त्या क्रमाने द्यावे लागतात.

दुसरे उत्तर : 'सर्व' हा शब्दही जपून वापरावा. चूक झाली की थांबायचे का, हे ठरवणारा 'फेलऑनएरर' हा गुणधर्म मुळात 'ट्रू' असल्यामुळे 'साठा' अडला, की 'अहवाल'पर्यंत गाडी पोहोचतच नाही. ते 'फॉल्स' केले, तर सगळे फोल्डर पालथे घातले जातात, पण अपयश लॉगमध्ये दडून शेवटी बिल्ड यशस्वी झाल्याचे दिसते, आणि मला तरी ही सोय धोक्याचीच वाटते. शिवाय एखाद्या फोल्डरात त्या नावाचे टार्गेटच नसेल, तर अँट त्याला चूक मानते. ग्रेडल या बिल्डच्या दुसऱ्या साधनात मूळ फोल्डरातून 'टेस्ट' म्हटले, की ज्या उपप्रकल्पांत ते काम आहे तिथेच ते चालते व बाकीचे मुकाट्याने वगळले जातात. तेव्हा अँटचे वाक्य तिथे जसेच्या तसे उतरवू नये.