मुंबईत समुद्राकाठी बाबांची पंच्याहत्तरी : सभागृह आणि राहण्यासाठी हॉटेल सुचवा

शेवंतीची वेणी

नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. ऐंशी-पंच्याऐंशी माणसं होतील. संध्याकाळी दोन तास नाट्यसंगीत आणि मग जेवण, असा बेत आहे. रत्नागिरी आणि पुण्याहून पंधरा-सोळा नातेवाईक येतील, त्यांची दोन रात्री राहायची सोय करायची आहे.

बाबांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही. यावेळी एकच म्हणाले, "खिडकीतून पाणी दिसू दे." आईचे गुडघे दुखतात आणि मोठी आत्या व्हीलचेअरवर असते, त्यामुळे जिने नकोत. बाबा गिरगावात वाढले, चौतीस वर्षं बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) नोकरी केली. आम्ही आता डोंबिवलीत राहतो, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जागांचा अंदाज राहिलेला नाही.

जिथे स्वतः गेला आहात तिथलंच सांगा, ही विनंती. वेबसाइटवरचे फोटो सगळे बघून झाले.

वरणभात

मरीन ड्राइव्हच घ्या, दुसरा विचार करू नका. जिमखान्यांच्या हिरवळींवर रिसेप्शन होतात, समोर रस्ता आणि पलीकडे समुद्र. माझ्या मावसभावाचं लग्न अशाच हिरवळीवर झालं. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. सहाला पाहुणे आले की अर्धा तास सगळे नुसते पश्चिमेकडे बघत उभे राहतात. त्या रात्रीचं जेवण मला आठवत नाही, ते आकाश आठवतं.

राहायला तिथेच सी ग्रीन आहे. त्या ओळीतल्या बऱ्याच इमारतींसारखीच आर्ट डेको धाटणीची. २०१८ साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत गेला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की राणीचा हार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची ओळ, डावी-उजवीकडे पूर्ण दिसतो. आलिशान काही नाही, पण ती गॅलरी आहे.

गिरगावकरीण

वरणभात यांनी सांगितलेली जागा सुंदर आहे यात वाद नाही, पण गाण्याचा कार्यक्रम असेल तर मोकळ्या हिरवळीचा विचार दोनदा करा. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. सातला सुरू करायचं म्हटलं तरी पाहुणे, औक्षण, सत्कार, दोन शब्द यांत आठ वाजतात. मग नऊला जेवण की नऊला भैरवी?

आणि वारा. माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही समुद्रासमोरची गच्ची घेतली होती. समई काही केल्या टिकेना. तीन वेळा वात सारली, तेल बदललं, शेवटी माझ्या जावेने पदराचा आडोसा धरला आणि औक्षण होईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली. तबकातल्या अक्षता उडाल्या. फोटोत सगळ्यांचे केस तोंडावर. त्या जागेचा दोष नव्हता, आम्ही दिवसा बारा वाजता जाऊन जागा पाहिली होती. जागा ज्या वेळेला वापरायची, त्याच वेळेला बघायला जा. कंदिलासारखी काच असलेले दिवे मिळतात, तेही आणा.

तंबोरा

गाण्यापुरतं मी सांगतो, कारण साथीला बसतो आणि या सगळ्या जागांवर बसलोय.

समुद्राची ओलसर हवा वाद्यांना त्रास देते. उघड्या खिडकीपाशी तंबोरा लावून ठेवला तर पहिलं पद संपेपर्यंत जोडीच्या तारा उतरलेल्या असतात, तबल्याची शाई आणि पुडी वेगळीच बोलायला लागते. उलट बंद हॉलमध्ये एसीची घरघर गायकाच्या खर्जाखाली सतत ऐकू येते. त्यामुळे हॉल बघायला जाल तेव्हा एसी लावायला सांगा आणि मधोमध उभं राहून हलक्या आवाजात दोन ओळी गुणगुणा. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला शब्द कळले तर जागा चांगली.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचा टाटा थिएटर कानांना जे देतो ते मुंबईत दुसरीकडे मला मिळालेलं नाही. फिलिप जॉन्सन यांनी आराखडा केला, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, १९८० साली उघडला. पण तो हजार माणसांचा आहे. तुमच्या ऐंशी माणसांसाठी तिथलंच लिटल थिएटर आहे, एकशे चौदा खुर्च्यांचं. जेवण अर्थात वेगळीकडे ठेवावं लागेल.

रॉयल ऑपेरा हाउसबद्दलही कोणी तरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ मध्ये बंद, आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू. बालगंधर्व, दीनानाथ तिथे गायले. आत पाऊल टाकल्यावर वर बघाच, घुमटाखालचं ते सोनेरी काम पाहून माझ्या हातातली तबल्याची पिशवी मी खाली ठेवली होती. पण पावणेसहाशे आसनांत ऐंशी माणसं विखुरली की गाणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही. घरच्या मैफलीला घट्ट बसलेली माणसं लागतात.

मला विचाराल तर भारतीय बैठक. गिरगावात लक्ष्मीबागेच्या हॉलला बैठकीच्या गाण्याची जुनी परंपरा आहे. मंत्रालयासमोर यशवंतराव चव्हाण केंद्रात रंगस्वर सभागृह आहे, ते चौथ्या मजल्यावर. आत्यांसाठी लिफ्टचं दार किती रुंद आहे ते टेप लावून मोजा.

शेवंतीची वेणी

तंबोरादादा, खूप आभार. टेप लावून मोजायचं मला सुचलंच नसतं. गिरगावकरीणताई, जावेचा पदर डोळ्यांसमोर उभा राहिला.

ऑपेरा हाउसमध्ये बाबा लहानपणी सिनेमे बघायचे, तेव्हा ते सिनेमाचं थिएटर होतं. नाटकं मात्र साहित्य संघात.

खाडीपलीकडे

जुहूचाही विचार करा. सन-एन-सँड हॉटेल साठच्या दशकापासून आहे, थेट वाळूवर उतरता येतं. पण डोंबिवलीहून आणि गिरगावच्या मंडळींना लांब पडेल. वरळीला सीफेसवर ब्ल्यू सी हा हॉल आहे, गाड्यांनी येणाऱ्यांना कोस्टल रोडमुळे सोपं. दादरला शिवाजी पार्काजवळ वनिता समाजाचा हॉल आहे. तिथून पाणी दिसत नाही, पण चैत्यभूमीजवळच्या व्ह्यूइंग डेकवर चालत जाता येतं.

बंदरकाठ

मला एक विचारायचं आहे. बाबा बीपीटीत नेमके कुठे होते?

शेवंतीची वेणी

इंदिरा डॉकला. टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे, म्हणून लागले, शेवटी शेड सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाले.

बंदरकाठ

मग सगळे तुम्हाला चुकीचा समुद्र दाखवतायत.

रागावू नका, मी मनापासून सांगतो. माझे वडीलही डॉकातच होते. मुंबईला दोन समुद्र आहेत. मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू हा पश्चिमेचा समुद्र. फिरायला जायचा, सूर्यास्ताचा. डॉकातल्या माणसाचा समुद्र पूर्वेकडचा, बंदराचा. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. क्षितिज रिकामं नसतं, बोटी असतात, बार्ज असतात, टग असतात, भरती-ओहोटीप्रमाणे नांगरावरची जहाजं तोंड फिरवतात. माझे बाबा चौपाटीवर दहा मिनिटांत कंटाळायचे. "इथे काय बघायचं?" म्हणायचे. गेटवेपाशी अपोलो बंदरावर मात्र दोन-दोन तास कट्ट्यावर बसून राहायचे.

त्यामुळे राहायची सोय तरी गेटवेच्या बाजूला करा. ताजच्या मागे-पुढे पी. जे. रामचंदानी मार्गावर, म्हणजे जुन्या स्ट्रँड रोडवर, सी पॅलेस, शेलीज अशी मध्यम हॉटेलं आहेत, समोर बंदर. खोली घेताना 'सी-फेसिंग' या शब्दावर थांबू नका. खोलीचा क्रमांक विचारा आणि त्या खोलीच्या खिडकीतून व्हिडिओ कॉल करायला सांगा. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मला 'सी व्ह्यू' म्हणून जी खोली मिळाली, तिथून पाणी बघायला बाथरूमच्या खिडकीतून मान तिरकी करावी लागत होती. आई दोन दिवस खिन्न होती, कारण तिला ते बाबांना दाखवायचं होतं. आणि रेडिओ क्लबजवळ २०२५ पासून नव्या जेट्टीचं काम आहे, तेव्हा खोली कुठल्या टोकाला आहे आणि दिवसा आवाज किती येतो, हेही विचारा.

ताजमध्ये सगळ्यांना ठेवणं परवडण्यातलं नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये घरची चार माणसं चहाला जाऊ शकतात. खिडकीची जागा आधी फोन करून मागा. मला त्या इमारतीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ती १९०३ मध्ये उघडली, गेटवे १९२४ मध्ये. म्हणजे एकवीस वर्षं बंदरात शिरणाऱ्या बोटीला समोर आधी ताज दिसायचा, गेटवे नव्हताच. आणि तिचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या मृत्यूनंतर चेंबर्स या इंग्रज वास्तुरचनाकाराने काम पूर्ण केलं. नेहमी नाव घेतलं जातं ते चेंबर्सचं. वैद्यांचं नाव आपल्या माणसांनी तरी घ्यावं.

गेटवेपाशी सुरक्षा तपासणी आणि अडथळे असतात, गाडी अगदी दारापर्यंत जाईलच असं नाही. आत्यांसाठी हॉटेलशी आधी बोलून ठेवा.

गिरगावकरीण

बंदरकाठ, वाचून गलबलून आलं. शेवंती, गिरगाव ते अपोलो बंदर टॅक्सीने फार लांब नाही. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे तरुण मंडळी गिरगाव स्टेशनवरून हुतात्मा चौकाला उतरून चालत जातील. कार्यक्रम एकीकडे आणि मुक्काम दुसरीकडे असला तरी अडचण नाही.

एक हिशोबाची गोष्ट. हॉलवाले ताटामागचा दर सांगतात तो बहुतेक वेळा जीएसटी सोडून असतो. बाहेरचा केटरर चालतो का, नसेल तर पुरणपोळी-आमटी त्यांच्या स्वयंपाकघरात कोण करणार, आणि साउंडवाला त्यांचाच घ्यावा लागतो का, हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा.

शेवंतीची वेणी

मंडळी, काय झालं ते सांगायला आले आहे.

बंदरकाठ यांचं लिहिणं मी बाबांना वाचून दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "बाबा, मरीन ड्राइव्ह की गेटवे?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "गेटवे म्हणजे बंदर?" तेवढ्यावरच ठरलं.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं जागा बघायला गेलो. गाण्यासाठी गिरगावात, त्यांच्या जुन्या चाळीपासून पाच मिनिटांवर, तळमजल्यावरचा एक साधा हॉल मिळाला. एक पायरीही नाही. तंबोरादादा, मी एसी लावायला सांगितला, मधोमध उभी राहून गुणगुणले आणि बाबा मागच्या भिंतीपाशी उभे होते. तिथून त्यांनी पुढची ओळ म्हटली. हॉलला पाणी दिसणारी खिडकी नाही, हे मी घाबरत घाबरत बोलले, तर म्हणाले, "गाणं ऐकताना मी बाहेर कशाला बघू?" गाद्या-तक्क्यांची बैठक, आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी मागे दोन ओळी खुर्च्या. केटरर आमचा. पावणेसहाला सुरुवात, साडेआठला पानं.

राहायला अपोलो बंदराच्या बाजूला सहा खोल्या घेतल्या. व्हिडिओ कॉल नाही केला, स्वतःच खोलीत जाऊन आलो. मॅनेजरने पडदा सरकवला आणि बाबा खिडकीला हात टेकून उभे राहिले. मला नुसत्या बोटी दिसत होत्या. ते मला एकेक दाखवत गेले: ते मिडल ग्राउंड, त्यावर नेव्हीची जुनी तोफांची बॅटरी. पलीकडे तेलाच्या बोटी लागतात ते बुचर आयलंड. मागे धुक्यात आहे ती घारापुरी. मग एका जहाजाकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बघ, रिकामी आहे. किती वर उचलली गेलीय बघ पाण्यातून. आज-उद्या माल भरायला आत घेतील."

मॅनेजर बिचारा किल्ली हातात धरून दाराशी थांबला होता. मी त्याला हळूच म्हटलं, हीच खोली द्या.

बंदरकाठ, तुम्ही आणि तुमच्या आई कार्यक्रमाला याल का? पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. बाबांना डॉकातल्या माणसाच्या घरचं कोणी भेटलं तर फार बरं वाटेल.