कोडं घातलं की एक-दोघंच उत्तर फोडतात, बाकीच्यांचं काय?

रिकामी_चौकट:
आठ-नऊ मित्रमैत्रिणींचा गट आहे. कोडं घातलं की एक-दोघं लगेच उत्तर ओरडतात, बाकीच्यांनी विचार सुरू करायच्या आत खेळ खलास. तर्काचं मोठं कोडं घेतलं तर "हे आधी सांगितलंच नव्हतं" यावरून वाद होतात. कोडी कोणती निवडावीत आणि कशी घालावीत?

उलटा_विचार:
ओरडणं बंद, चिठ्ठी सुरू. उत्तर लिहून कोडं घालणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्याने फक्त "बरोबर" किंवा "पुन्हा बघ" एवढंच म्हणायचं. ज्याला कोडं आधीच माहीत आहे त्याने सुरुवातीलाच तसं सांगावं आणि इशारे द्यायचं काम घ्यावं.

वाद मात्र मांडणीमुळे होतात. पुलाचं कोडं घ्या. चौघांना पूल ओलांडायला अनुक्रमे १, २, ५ आणि १० मिनिटं लागतात; सगळे पलीकडे पोचायला कमीत कमी किती वेळ लागेल? अंधार आहे, टॉर्च एकच, आणि टॉर्चशिवाय पूल ओलांडता येत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दोघं, आणि चाल हळू चालणाऱ्याची. टॉर्च फेकता येत नाही, कुणी कुणाला उचलून नेत नाही, अर्ध्या वाटेवरून परतायचं नाही. ही शेवटची तीन वाक्यं गाळलीत की वाद ठरलेलाच.

बहुतेकांचं उत्तर १९ येतं, कारण सगळ्यात चपळ माणसानेच प्रत्येकाला सोडायला जावं असं वाटतं. खरं उत्तर १७: १ आणि २ जातात (२), १ परत येतो (१), ५ आणि १० जातात (१०), २ परत येतो (२), १ आणि २ जातात (२). १९ वर अडकलेल्यांना उत्तर सांगू नका. "दोन संथ माणसं एकत्र गेली तर?" एवढा इशारा पुरतो.

दोन_टोकं:
दोऱ्यांच्या कोड्यातही हाच घोळ होतो. दोन दोऱ्या, प्रत्येक पूर्ण जळायला ६० मिनिटं, ४५ मिनिटं मोजायची. दोरी सगळीकडे सारख्या वेगाने जळत नाही, हे सांगायचं राहिलं तर कुणीतरी दोरीची चौपदरी घडी घालून मोकळा होतो आणि कोडंच मरतं. उकल अशी: पहिली दोन्ही टोकांनी पेटवा, दुसरी त्याच वेळी एका टोकाने. पहिली ३० मिनिटांत संपेल. त्या क्षणी दुसरीचं उरलेलं टोक पेटवा, ती आणखी १५ मिनिटांत संपेल.

"जितकं काढाल तितका वाढतो, तो कोण?" (खड्डा) असली कोडी एक तर पटकन सुटतात, नाही तर सुटतच नाहीत. अशी दोन-तीन सुरुवातीला घ्या, त्यापुढे नकोत.

पत्ता_पालथा:
वाद घालणारा गट असेल तर तीन दरवाज्यांचं कोडं पत्त्यांनी खेळा, मला तरी याहून चांगलं कोडं माहीत नाही. एक एक्का, दोन साधी पानं, तिन्ही पालथी. खेळणारा एक निवडतो, वाटणारा उरलेल्या दोनांतलं एक साधं पान उलटतो आणि विचारतो, "बदलणार?" बदललं तर जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश, नाही तर एक तृतीयांश. पटत नसेल तर जोड्या पाडा, प्रत्येक जोडीने तीस डाव खेळून निकाल लिहावेत.

नियम नेमका सांगा: वाटणाऱ्याला एक्का कुठे आहे ते माहीत असतं आणि तो दर वेळी साधंच पान उलटतो. त्याने न बघता उलटलं आणि योगायोगाने साधं निघालं, तर शक्यता निम्मी-निम्मीच राहते.

रिकामी_चौकट:
चिठ्ठीचा उपाय लगेच करून बघते. तराजूचं बारा नाण्यांचं कोडं चालेल का?

उलटा_विचार:
बैठकीत नको. एक नाणं खोटं, ते जड की हलकं तेही माहीत नाही, आणि तीनदाच तोलायचं. कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. त्याऐवजी नऊ नाण्यांचं घ्या: एक जड, दोनदाच तोलायचं. तीन-तीनचे ढीग करून दोन तोला. पारडं झुकलं तर जड नाणं त्या ढिगात, समतोल राहिलं तर तिसऱ्यात. मग त्या तिघांतली दोन तोला. लोक चार विरुद्ध चार तोलून अडकतात: पारडं झुकलं की चार नाणी संशयित उरतात, आणि एकदा तोलून तीनच्या वर सुटत नाहीत.